खिंडसीच्या गढूळ पाण्यात पांढरा चमचा

खिंडसी तलावावर गळ टाकायला जायचं असेल, तर पावसाळा सरता सरता जा. नागपूरहून कामठी, मनसर करत रामटेक, पन्नासेक किलोमीटर. मी पहिल्यांदा गेलो ते सत्तरच्या दशकात, भाऊजींच्या स्कूटरवर मागे बसून. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जबलपूर रोडवर ट्रक चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मासे धरायचे. मलाही शिकवायचा त्यांनी चंगच बांधला होता.

त्या शनिवारी ते स्कूटर भलतीच हळू चालवत होते, तरी दोनदा खड्ड्यात गेलो. "बैलगाडी बरी होती, भाऊजी," मी चिडवलं. ते हसले नाहीत. मनसरला रुपया-दीड रुपयात दोघांचे चहा-पोहे झाले.

तलावावर त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. आत घरी केलेले चमचे. जेवणाच्या चमच्याचा दांडा कापायचा, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, एकीकडे दोरी, दुसरीकडे गळ. ओढला की मासोळीसारखा लचकतो आणि मरळ झडप घालते. निवळ पाण्याला लहान, पांढरा. गढूळ पाण्याला मोठा, पितळी; तो जास्त थरथरतो, म्हणजे माशाला दिसला नाही तरी जाणवतो. तुम्हीही एवढं लक्षात ठेवा.

भाऊजींनी पाण्याकडे पाहिलं आणि लहान पांढरा लावला. "आज पाणी निवळशंख हाये गा."

पाणी चहासारखं होतं. घोट्याएवढ्या पाण्यात मला माझं पाऊल दिसत नव्हतं.

"भाऊजी, तुमाले दिसत नाही का?"

त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. "सहा महिन्यांपासून धुकं धुकं दिसून राहिलं. पण रस्ता पाठ हाये मले. तुह्या ताईले सांगू नको, मालकाले तर नाहीच. पोरीचं लग्न होऊ दे."

येताना स्कूटर मी चालवली. कामठीजवळ शाळा सुटली होती. पोरं रस्ता ओलांडायला लागली म्हणून मी ब्रेक दाबला.

"काहून थांबला गा?" मागून भाऊजींनी विचारलं. पोरं अजून स्कूटरच्या पुढ्यातून जात होती.

सोमवारी मी ट्रकमालकाला सांगून टाकलं. भाऊजींचं काम गेलं, भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. ताईने मला त्यांच्या प्रतापनगरच्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. "काय मिळालं तुले?" दारातूनच म्हणाली. "आता येऊ नको." त्यानंतर एकाही भाऊबीजेला बोलावणं आलं नाही.

चमच्यांचा डबा माझ्या पिशवीत आला होता, तो अजून इथे नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या घरी आहे. गेल्या महिन्यात ताई गेली. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण जो अपघात झालाच नाही, तो तिला दाखवणार तरी कसा होतो?