कुशाबाईच्या नावावर

दुपारचा एक वाजला की शालनच्या पायात गोळे यायचे. पहाटे पाचपासून सोळा म्हाताऱ्यांची उठबस करून झालेली असायची आणि खरं काम पुढंच असायचं. पळसदेवजवळच्या त्या वृद्धाश्रमाला स्वतःचा डॉक्टर नव्हता. बारामतीचे संघपाल डॉक्टर महिन्यातून एकदा येत. बाकीचे दिवस शालन त्यांना फोनवरून म्हातारे दाखवायची. दाखवायची म्हणजे सांगायची. नाडी मोजून, डोळ्याची खालची पापणी ओढून, पायावर अंगठा दाबून सूज बघून ती सगळं डोक्यात साठवायची आणि दीड वाजता, डॉक्टर जेवायला बसायच्या आधी, भडाभडा ओतायची. ते गोळीचं नाव सांगत, ही कपाटातून काढी. कन्हेरीची ही सातवी शिकलेली बाई वीस वर्षं बारामतीच्या एका दवाखान्यात आया होती. तिच्या अंगठ्यावर डॉक्टरांचा माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

ब्याण्णव साल होतं. फोन सरळ लागत नसे. आधी गावच्या एक्सचेंजमधल्या सिद्धूला सांगायचं, मग तो बारामती जोडून द्यायचा. जोडून दिल्यावर आपला कान काढून घ्यावा, ही रीत मात्र त्याला कुणी शिकवली नव्हती. दुपारी कुणाला जुलाब झाले ते संध्याकाळी पारावर कळायचं. भिंतीला कान असतात म्हणतात. इथं तारेलाच होते.

म्हणून म्हातारे फोनला भ्यायचे, आणि गेणबा सगळ्यात जास्त. तो पणदऱ्याचा, सत्तरी उलटलेला. मुलगा युवराज तिथंच ऊस करायचा. आणि हा सिद्धू म्हणजे युवराजच्या बायकोचा सख्खा भाऊ. तारेवर काही बोलावं तर ते थेट लेकाच्या ओसरीवर जाऊन पडायचं.

"माजं नाव फोनवर घ्यायचं न्हाय," गेणबानं पहिल्याच आठवड्यात बजावलं. "दुखंना का कितीबी."

तोडगा आश्रमातल्याच कुशाबाईनं काढला. तिला मागं ना पुढं कुणी नव्हतं. "माज्या नावावर घाल की," ती शालनला म्हणाली. "माजं ऐकून कोन दचकनार हाय?"

तेव्हापासून ज्याला लाज किंवा भीती, त्याचा आजार कुशाबाईच्या नावावर जाऊ लागला. द्वारकाबाईची खरूज कुशाबाईची झाली, कुणाची मूळव्याध तिची झाली, आणि एकदा गेणबाची लघवी तुंबली तीसुद्धा. डॉक्टरांना या गोष्टीची कल्पना दिलेली होती. ते गंभीर आवाजात एवढंच विचारायचे, "कुशाबाईंचं आज वय किती?" शालन खरं वय सांगायची, आणि गोळी त्या वयाला बेतून मिळायची. स्वतः कुशाबाई ठणठणीत होती. एका बाईनं किती दुखणी सोसावीत, म्हणून गाव मात्र तिच्यासाठी हळहळत होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी गेणबानं ताट पुढ्यात घेतलं आणि घास उचलेना. कपाळावर घाम, उजव्या हातानं डावा दंड चोळणं चाललेलं. शालननं मनगट धरलं. तशीच ती फोनकडं धावली.

"जयभीम, साहेब. कुशाबाईच्या छातीत दुखतंय. डाव्या हातात कळ जातीय."

"जयभीम. वय?"

"चौऱ्याहत्तर."

"नाडी?"

"मधीच एक ठोका लागत न्हाय."

"जिभेखालची गोळी ठेवा. एक पाऊलही चालवू नका. मी गाडी पाठवतो."

गाडी यायला सव्वा तास लागणार होता. शालन खाटेजवळ बसली. बसल्यावर तिला कळलं, आपण सकाळपासून पहिल्यांदाच बसतोय. तिला रडू आलं नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती.

"तात्या, आता तरी युवराजला कळवू द्या. असला हट्ट काय कामाचा?"

गेणबा आढ्याकडं बघत म्हणाला, "शालन, त्याला म्हायती न्हाय म्हनून तो येत न्हाय, असं मी समद्यांना सांगतो. मलाबी तसंच सांगतो." गोळी जिभेखाली होती, शब्द अडखळत होते. "कळून न्हाय आला, तर मग मी काय सांगू?"

शालननं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. गाडी आली आणि गेणबाला बारामतीला घेऊन गेली.

गुरुवारीही तिनं विचारपूस करायला फोन उचलला. सिद्धू लगेच जोडून देईना.

"शालनताई, एक सांगू? चौऱ्याहत्तरचं तुमच्याकडं एकच मानूस हाय. तात्यांनीच मागं मला वय सांगितलंय. मी सोमवारीच दाजींना निरोप धाडला."

वय आपणच तारेवर सांगत आलो, हे शालनच्या आता ध्यानात आलं. इतक्या दिवसांची राखण, आणि कुंपणाला भगदाड आपल्याच हातचं. "मग?" तिनं विचारलं.

"आडसाली उसाची लागण चाललीय. मोकळा झालो की बघतो म्हनले."

पणदऱ्याहून बारामती ती किती लांब, एस्टीनं जेमतेम अर्धा तास! सोमवार, मंगळवार, बुधवार सरून गुरुवार उजाडला होता. शालनला युवराजचा राग आला, सिद्धूचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"जोड आता," ती म्हणाली.

पलीकडं डॉक्टर होते. धोका टळला, दहा दिवसांत परत पाठवतो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "बोला, कुशाबाईच बोलायचं म्हणतायत."

"शालन," गेणबाचा बारीक आवाज आला, तारेची भीती विसरलेला. "कुनाला कळलं न्हाय न्हवं?"

तार घरघरत होती. सिद्धूचा श्वास मध्येच ऐकू येत होता.

"न्हाय, तात्या. कुनालाच न्हाय."

"मग बरं झालं. न्हायतर पोरगं लागण टाकून पळत आलं असतं."

तारेवर खट्ट असा आवाज झाला. सिद्धूनं पहिल्यांदाच कान काढून घेतला होता.

"आलं असतं, तात्या," शालन म्हणाली.