थोरल्याचं नाव आधी

हणमंतराव गेल्याची बातमी मला दोनदा आली. सकाळी चहा गाळत होतो, तेव्हा पहिला फोन त्यांच्या मधल्या भावाचा, सुभेदारांचा. "सर, आबा गेले. अकराला मळ्यातच अग्नी देणार हाय," एवढं सांगून त्यांनी ठेवला. फौजेतून आलेला माणूस, कमी शब्दांत उरकणारा. चहा तसाच राहिला. साताऱ्याहून कडेगावची कुठली गाडी मिळेल याचा विचार करत मी खुर्चीत बसून होतो, तोवर धाकट्याचा, दिनकरचा फोन आला. तो रडत होता. आबा गेले, दुपारी दोनला गावच्या स्मशानात या, म्हणाला. मी म्हटलं, अहो, सुभेदार तर अकराला मळ्यात म्हणाले. पलीकडचं रडणं थांबलं. "त्यांनी ठरीवलं व्हय?" दिनकर म्हणाला, आणि फोन बंद झाला. तो आवाज मला आवडला नाही. शेवटी मळ्यात झालं की स्मशानात, हे इथे महत्त्वाचं नाही. पण एका मरणाच्या दोन वेळा कळल्या, आणि अशाच गोष्टी सांगण्यात हणमंतरावांचा जन्म गेला होता.

सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही उभी नोकरी बरोबर काढली. मी रसायनाचा, वाईच्या पेठेतला, जरा तिरसटच. ते इतिहासाचे, कडेगावच्या अंगाला उसाचं रान असलेल्या घरातले, तिघा भावांत थोरले. आमच्याकडे इतिहासाचा मास्तर म्हटला की तो गडकोटांवर बोलणार हे ठरलेलं. हे गृहस्थ जुने दरबारी कागद लावायला म्हणून फारसी शिकायला गेले आणि आदिलशाहीच्या कागदांवरून जे घसरले, ते थेट इराणात जाऊन पडले. मग सामानी, बुवैही, गझनवी, सेल्जुक, मंगोल... एकामागून एक घराणी. स्टाफरूममध्ये डबा उघडला की त्यांचं सुरू. मी चिडवायचो, रान उसाचं आणि गप्पा निशापूरच्या! ते हसायचे. सेल्जुकांच्या काका-पुतण्यांचं भांडण ते असं सांगत, जसं काही शेजारच्या वाडीतली भावकी बांधावरून भांडते आहे आणि हे आत्ताच तिथून उठून आले आहेत. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण जेवणाची सुट्टी संपली की चुकचुकल्यासारखं व्हायचं. आज ते सगळं आठवतं आणि वाटतं, हा माणूस आम्हाला इराण सांगत नव्हता, आपल्या घराची धास्ती सांगत होता.

त्यांचं आवडतं घराणं बुवैहींचं. कोळ्याची तीन पोरं, म्हणे. मासे धरणाऱ्या बापाच्या पोटची, पण तिघांनी मिळून इराण घेतला आणि बगदादच्या खलिफालाही बोटावर नाचवलं. मुलूख तिघांत वाटलेला, प्रत्येकाचा दरबार वेगळा, फौज वेगळी. पण नाण्यावर थोरल्याचं नाव आधी! हे सांगताना हणमंतराव बोट वर करायचे. थोरला होता तोवर कुणी ती रीत मोडली नाही. तो गेला, मग पोरांची पाळी आली, आणि ज्याच्या त्याच्या मनात आलं की आपलंच नाव आधी का नको. "बाजारात एकाच गावची तीन नाणी फिराय लागली की समजायचं," ते म्हणायचे. "मंगोल लय शेवटी येतोय, गड्या. तो यायच्या आधीच घरातलं सगळं उरकलेलं आसतंय." मी म्हणायचो, पोळी खा आता. पण ते वाक्य निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यात राहिलं.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला आलो आणि ते गावी गेले. रान तिघांत वाटलेलं होतं, पण विहीर एकच होती, बापाने खणलेली. उपसा योजनेचं पाणी खालच्या अंगाला आलं, यांच्या रानाला ते चढत नव्हतं, म्हणून सगळा जीव त्या विहिरीत. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. भांडण पाळीचं नव्हतं, लाइटचं होतं. मधेच लाइट जायची, मोटार थांबायची, आणि ती किती वेळ गेली होती यावर सुभेदार आणि दिनकर हमरीतुमरीवर यायचे. एकाचं घड्याळ दुसऱ्याला पटायचं नाही. तेव्हा हणमंतरावांनी माझ्याकडे एक विचित्र मागणी केली. आमच्या वाईच्या घरी लग्नात मुहूर्त साधायला वापरायचं तांब्याचं घटिकापात्र होतं, तळाला बारीक भोक असलेलं. ते हवं म्हणाले. इराणात डोंगराच्या पोटातून बोगदे खणून पाणी आणत आणि प्रत्येकाचा वाटा असंच भोकाचं भांडं पाण्यात सोडून मोजत. भांडं बुडालं की एक वाटा झाला. त्याला पंगान म्हणायचे आणि त्याच्याजवळ बसणारा माणूस गावाने मानलेला असायचा. राजे बदलले, धर्म बदलला, पंगान तेच राहिलं.

मी पात्र दिलं, आणि हसलोही. पण खरोखर चाललं ते. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत घंगाळ ठेवलेलं, त्यात पात्र तरंगतंय आणि शेजारी बाजेवर हणमंतराव पुस्तक घेऊन. लाइट गेली की ते भोकाला बोट लावून पात्र उचलायचे आणि ओल्या चिखलाच्या गोळ्यावर टेकवायचे, म्हणजे आत आलेलं पाणी तेवढंच राहायचं. लाइट आली की पुन्हा घंगाळात. रात्रीची लाइट असली तर रात्री. मी एकदा म्हटलं, अहो, मोबाइलवर हे चुटकीसरशी होईल. ते म्हणाले, मोबाइल एकाच्या हातात असतो, पात्र सगळ्यांना दिसतं. खरं सांगायचं तर पात्रावर कुणाचा विश्वास नव्हता. विश्वास बाजेवरच्या माणसावर होता. हे त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. विहिरीचा तळ दिसत होता, कपारीतून करंगळीएवढी धार येत होती. ते खंगले होते. खोकला लागला की बाजेची कड धरत. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ताक आणून दिलं आणि जाताना मला खूण केली, यांना घरात यायला सांगा म्हणून. आमच्या समोर पात्र बुडालं. तिकडे दिनकर मोटार बंद करायला उठला आणि मधल्या बांधावर सुभेदार आधीच येऊन उभे होते. दोघे एकमेकांकडे न पाहता शेजारून गेले. मी विचारलं, हणमंतराव, तुमच्यानंतर या बाजेवर कोण? त्यांनी बुडालेलं पात्र घंगाळातून काढून रिकामं केलं. मग म्हणाले, "एकाचं नाव घेटलं की दुसरा त्याच दिवशी उठतोय. न्हाई घेटलं, तर मी मेल्यावर उठतील. मी जन्मभर हेच वाचलंय गड्या... आन मला काय बी सुचंना." मी रागावलो. म्हणालो, पोरांना शिकवलंत, कुठल्या सुलतानाने वारस नेमायला उशीर केला, आणि स्वतः तेच करताय!  त्यांचे डोळे भरले होते. मला ते आवडायचे, फार आवडायचे, आणि त्या दुपारी मला त्यांची भीती वाटली. पुढचं पान माहीत असलेला माणूस पुस्तक मिटून बसावा, तसे ते बसले होते.

त्यांना जाऊन आता दीड महिना होईल. परवा वहिनींचा निरोप आला की तुमचं पात्र घेऊन जा. मी गेलो. घरात कोणी नव्हतं, म्हणून विहिरीकडे वळलो. पत्र्याच्या खोलीत बाज तिथेच होती, उशाला दुमडलेलं कांबळं तसंच. तांब्याचं पात्र खिळ्याला टांगलेलं होतं, कोरडं. मी ते काढून पिशवीत टाकलं. मग घंगाळाकडे लक्ष गेलं. काठावर स्टीलच्या तीन वाट्या पालथ्या घातल्या होत्या. उचलून पाहिल्या. तिन्हींच्या तळाला भोक पाडलेलं, एक बारीक, एक त्याहून मोठं, एक मधलं. मागून सुभेदार आले, दिनकर आला, दोघांनी मला नमस्कार केला. त्यांच्या मागोमाग वहिनी आल्या. या वाट्या कुणाच्या, मी विचारलं. सुभेदार म्हणाले, ज्याची त्याची. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. "आमचा वाटा न्हाई व्हय, भाऊजी?" त्या म्हणाल्या. आवाजात भांडण अजिबात नव्हतं.

तेवढ्यात लाइट आली. पाळी दिनकरची होती. त्याने बटण दाबलं आणि तिघांनी वाकून आपापली वाटी घंगाळात सोडली. बाजेवर कुणीच बसलं नाही. मला वाटलं आपण काहीतरी बोलावं, ओरडावं, निदान हणमंतरावांची एखादी गोष्ट सांगावी... पण ती गोष्ट सांगणारा नव्हता आणि माझ्या तोंडून ती कुणी ऐकली नसती. थोड्या वेळाने सुभेदारांची वाटी बुडाली. ते मोटार बंद करायला बटणाकडे निघाले. दिनकर बटणासमोर जाऊन उभा राहिला. त्याची वाटी अजून अर्धीही भरली नव्हती.