मॅडमचे पॉइंट

"पॉइंटचं काय लोणचं घालाचं हाये?" असं म्हणून मॅडम चष्मा डोक्यावर सरकवायच्या. मग समजायचं, बाई आता कुणावर तरी पॉइंट उधळणार. अशी उधळी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या माझ्या शेजारी बसत. प्रोग्रामिंगमध्ये अडलेली माणसं इंटरनेटवरच्या एका मंचावर प्रश्न टाकतात, जाणकार उत्तरं देतात आणि उत्तर पटलं की वाचणारे मत देतात. त्या मतांचे पॉइंट होतात. मॅडम वर्षानुवर्षं डबा खाता खाता तिथे उत्तरं लिहीत. पॉइंट वाढले की अधिकार वाढतात, घटले की जातात. कुणाचा प्रश्न उगाच बंद केला असेल, तर तो पुन्हा उघडायला मत द्यायचा अधिकार मॅडमना मिळाला होता आणि त्याचा त्यांना भारी तोरा!

"मले तिथली सरपंच समज," म्हणायच्या.

मी नवी होते, आर्वीकडच्या मराठी शाळेत शिकलेली. नोकरी पक्की व्हायची होती आणि पहिल्याच कामात अडले. "आठवड्यात जमलं नाही तर विचार करावा लागेल," साहेबांनी बजावलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मंचावर प्रश्न टाकला. उत्तर राहिलं बाजूला, लोकांनी उणे मतं दिली. एकाने तर आधी भाषा शिकून या म्हणून सुनावलं. मेल्याला काय कळणार! मी तिथेच रडायला लागले.

"काहून रडून राहिली वं?" मॅडमनी खुर्ची ओढली. "याचं उत्तर मलेही येत नाही. पण थांब."

त्यांनी माझा प्रश्न नीट लिहून काढला आणि उत्तर देणाऱ्याला म्हणून त्यावर आपले पॉइंट बक्षीस लावले, तेही चांगले घसघशीत. बक्षीस लावलं की पॉइंट गेले, उत्तर येवो न येवो.

"मॅडम, तुमचा अधिकार जाईल ना!"

"जाऊ दे. सरपंचकी कोणाले जन्मभर पुरली?"

दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. काम झालं, नोकरी पक्की झाली. मॅडमचा अधिकार मात्र गेला.

मला राहवेना. एका दुपारी त्यांची जुनी उत्तरं उघडून मी सगळ्यांना भराभर मतं देत सुटले, देवाला फुलं वाहावीत तशी. मंचाच्या यंत्रणेला वाटलं, ही ओळखीची बाई लबाडी करतेय. सकाळपर्यंत सगळी मतं रद्द! मॅडम इतक्या हसल्या की तर्रीपोह्याचा ठसका लागला.

"उत्तर वाचून मत देत असतात पोरी, मले पाहून नाही."

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. थोडक्या दिवसांचा आजार झाला आणि संपलंच. त्यांचे यजमान त्यांची एकेक खाती बंद करत होते. हे मंचावरचं खातं त्यांना उमजेना, म्हणून मला रामदासपेठेतल्या घरी बोलावलं. लॅपटॉपवर मॅडमचं नाव होतं आणि नावाखाली पॉइंट.

"एवढ्या वर्षांचं हेच काय?" काकांनी विचारलं. "याचं काय भेटते वं?"

मान, अधिकार, सांगण्यासारखं बरंच होतं. पण मी एवढंच म्हणाले,

"काका, मले नोकरी भेटली."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बंद नको करू मंग. तिनं लिहिलेलं वाचून दाखव."

मी वाचत गेले. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण मी थांबले की म्हणायचे, "पुढचं वाच."