एक मिनिट, टर्बो गरम आहे

माझ्या नवऱ्याने छातीत दुखत असताना, हॉस्पिटलच्या दारात, एक मिनिट गाडी चालू ठेवली.

वर्षभर मी त्या मिनिटावर चिडलेली होते.

तिथीने वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. आज तारीख. म्हणून लिहितेय.

ज्यांनी विलासना पाहिलंय त्यांनी आमची गाडीही पाहिली असेल. लाल, छोटी, डिझेल हॅचबॅक. मीरा रोडला फ्लॅट घेतला त्याच्या पुढच्या वर्षी आली. सोसायटीत लोकांनी गाड्यांवर गाड्या बदलल्या, हे आपले तिलाच कव्हर घालत बसले.

सकाळी स्टार्ट केली की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या थरथरायच्या.

"आवाज सोड गं, इंजिन बघ," हे म्हणायचे. मग सुरू. बेल्ट नाही, चेन आहे, तुटायची भीती नाही. एवढुसं इंजिन, पण टर्बो आहे. जो धूर वाया जायचा त्याच्यावरच एक पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो.

"मिडल क्लास इंजिन आहे. काही टाकून देत नाही."

एका टाकीत आम्ही चिपळूणला गावी जाऊन परत यायचो. येताना हे पेट्रोल पंपाकडे बघून हसायचे.

पण त्या टर्बोचे नखरे होते. हायवेवरून आलं की गाडी लगेच बंद करायची नाही, एक मिनिट नुसती चालू ठेवायची. आत पंखा तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्याला ऑइल मिळत नाही.

"धावत आलेल्या माणसाला तू लगेच झोपवतेस का?" असं मला विचारायचे.

म्हणून मी, आमची तन्वी आणि सासूबाई, तिघी पिशव्या मांडीवर घेऊन पार्किंगमध्ये बसून राहायचो. कोणी आधी उतरलेलं ह्यांना खपायचं नाही.

गेल्या वर्षी आम्ही गावाहून येत होतो. दोघंच.

घोडबंदर रोडला ह्यांना घाम फुटला. ॲसिडिटी असेल म्हणाले. माझ्याकडे लायसन्स होतं, पण सरावाच्या नावाने बोंब. काशीमिऱ्याला आल्यावर म्हणाले, घरी नको, आधी हॉस्पिटलला जाऊ.

दारात गाडी थांबली. मी उतरले. हे बसलेलेच.

"अहो, बंद करा आणि चला."

"एक मिनिट. टर्बो गरम आहे."

शर्ट घामाने चिंब. आणि त्या मिनिटात ह्यांनी मला काय सांगावं?

"सकाळी स्टार्ट करताना ती पिवळी लाइट विझेपर्यंत थांबायचं. लगेच सेल्फ मारायचा नाही. थंडीत तर नाहीच नाही."

मग गाडी बंद केली. किल्ली माझ्या हातात दिली. स्वतःच्या पायांनी आत गेले.

संध्याकाळी गेले.

डॉक्टरांना मी विचारलं होतं. एका मिनिटाने काही फरक पडला नसता, असं ते म्हणाले. बायकोला दुसरं काय सांगणार? मला पटलं नाही. माझ्यापेक्षा ह्यांना तो टर्बो प्यारा होता, हेच मी मनात धरून बसले.

गाडीवर कव्हर घातलं आणि तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

गेल्या महिन्यात तन्वीने नवीन बॅटरी बसवून घेतली. म्हणाली, आई, विकायची तर विकू, पण एकदा चालू तर करून बघ, उभी राहून सडेल ती.

मी फणफणतच जाऊन बसले. किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर ती स्प्रिंगसारखी पिवळी लाइट लागली.

माझा हात आपोआप थांबला.

लाइट विझली. मग सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

इतकी वर्षं ती लाइट ह्यांनीच बघितली होती. मला सांगायची कधी गरजच पडली नव्हती. त्या दिवशी पडली. ह्यापुढे ही गाडी मला एकटीला चालवायची आहे, हे ह्यांना दारातच कळलं होतं.

दुसरा कोणी असता तर जाताना काही गोड बोलला असता. आमच्या ह्यांना ते कधी जमलंच नाही. ह्यांना गाडीतलंच बोलता यायचं, तेच बोलले.

महिनाभर जवळपास सराव केला आणि आज सकाळी मी गाडी काढली. एकटीने. भाईंदरवरून उत्तनच्या रस्त्याने थेट पालीच्या कोळीवाड्यात. रविवारी मासे आणायला आम्ही तिकडेच जायचो, गाडीही जरा मोकळी होते म्हणून. तिथीला खीर-पुरी झाली, आज तारखेला ह्यांच्या आवडीचे ओले बोंबील. नणंदेने नाक मुरडलं. मुरडू दे.

पालीच्या गल्लीत समोरून स्कूटर आली तरी मी ब्रेक दाबून उभी राहत होते. पोचले एकदाची. घाईघाईने किल्लीकडे हात नेला.

खिडकीतून एक ओला हात आत आला आणि माझ्या मनगटावर पडला. रेजिना मावशी, ह्यांची नेहमीची मासेवाली. वर्षभर आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो, तिला काहीच माहीत नव्हतं.

"थांब गो बाय. लगेच बंद नको करू, गार होऊ दे आधी. तो नेहमी सांगायचा." मग तिने आत डोकावून बघितलं. "आज तो न्हाय आला?"

गेले मावशी, मी म्हटलं. आज वर्ष झालं.

तिने हात काढला नाही. मी किल्ली फिरवली नाही. इंजिन चालू होतं आणि मी रडत होते. वर्षभर रडलेय, पण राग न येता आज पहिल्यांदा.

मग बंद केली.

अहो, बोंबील ताजे मिळाले. गाडीला एक ओरखडा नाही. पार्किंगमध्ये आले तेव्हाही ते मिनिट बसून राहिले.

खूप धावलात. आता तुम्ही आराम करा.

गाडी मी बघते.