रंगनाथ काय विकणार?

प्रेमला ओव्हाळ यांचा जगावर विश्वास कमीच. भाजीवाल्याने काटा उचलला की त्या काट्याकडे बघत नाहीत, त्याच्या बोटांकडे बघतात. दारावर कुरियरवाला आला तर आधी साखळी, मग प्रश्न आणि मग दार. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकण्यात गेली, त्यामुळे समोरचा खरं बोलतोय की बनवतोय हे आपल्याला नुसत्या 'हॅलो'वरून कळतं, असा बाईंचा दावा. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की चेअरमन कागद बघायचे आणि प्रेमलाताई माणूस बघायच्या. त्यांनी मान डोलावली की चेअरमनही सही करायचे.

तर अशा बाईंच्या फोनवर एक दिवस शाळेचा ग्रुप येऊन धडकला. 'दहावी ब'. मे महिन्यात स्नेहमेळावा, हॉल ठरला, जेवणात मस्तानी ठेवायची की नाही यावर भांडणंही झाली. मग कुणीतरी टूम काढली, की भेटण्याआधी प्रत्येकाने आपली हालहवाल ग्रुपवर लिहायची. झालं! जो तो लिहीत सुटला. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाचा बंगला बाणेरला, कुणाच्या सुनेचं तर इतकं कौतुक, की वाचतानाच संशय यावा. प्रेमलाताई चष्मा लावून एकेक वाचायच्या आणि पुटपुटायच्या, "थापा! नुसत्या थापा!"

आणि मग त्यांनी स्वतःचं लिहिलं. 'मी निवृत्त. मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी निकिता बंगळूरला असते, जावई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सर्व कुशल.'

हे टाइप करत होत्या तेव्हा निकिता त्यांच्याच स्वयंपाकघरात पोहे परतत होती. गेल्या दिवाळीआधी ती एक बॅग घेऊन घरी आली होती. मोठ्या हुद्द्यावरच्या जावयाचा हात उठायला लागला, एकदा उठला, दुसऱ्यांदा उठला, तिसऱ्यांदा उठायच्या आत पोरगी निघून आली. विहारातल्या बायकांना हे माहीत होतं, सोसायटीलाही माहीत होतं. फक्त 'दहावी ब'ला कळू द्यायचं नव्हतं. त्या वर्गात प्रेमला शिरसाट म्हणजे वस्तीतून येणारी एकुलती एक मुलगी, आणि नंबर पहिल्या तिनात. शाळा सुटल्यावर कुणी तिला घरी बोलावलं नाही, कुणी तिच्या घरी आलं नाही. आज त्याच सगळ्यांनी म्हणावं, बघा, शिरसाटची पोर कुठे पोचली! एवढं एक ऐकायचं होतं बाईंना. त्यासाठी त्यांनी मोरपंखी पैठणीसुद्धा घेऊन ठेवली होती.

"आई, लाज वाटायचीच असेल तर मला वाटू दे की," निकिता म्हणायची. "आणि मला तर वाटत नाही."

"तू पोहे बघ, खाली लागतायत," बाई म्हणायच्या.

एप्रिलात शैलाचा फोन आला. शैला नारायण पेठेतली, एका बाकावर बसणारी, आणि जिभेला हाड नसलेली.

"अगं, तो रंगनाथ आला का तुझ्याकडे?"

"कोण रंगनाथ?"

"खळदकर! आपला मॉनिटर. हजेरीचा कागद न बघता सगळ्या वर्गाची नावं घडाघडा म्हणायचा तो. मेळाव्याचं सूत्रसंचालन तोच करणारे. माइकवरून प्रत्येकाची ओळख करून देणार, कागदाशिवाय. त्यासाठी घरोघर फिरतोय. माझ्याकडे दोन तास बसला, चहा प्यायला, फोटो काढला आणि गेला. काही विकलं नाही."

"काहीच नाही? पॉलिसी? काढे? प्लॉट?"

"तेच तर म्हणते! काही न विकता पुण्यात कोण कुणाकडे दोन तास बसतं?"

हे मात्र प्रेमलाताईंना पटलं. शिवाय शैलाने सांगितलं की रंगनाथने सरकारी नोकरी वेळेआधीच सोडली. सुखासुखी कोण सोडतं? काढला असणार. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई म्हणाल्या, आणि पाळतीवरच बसल्या.

दोनच दिवसांत रंगनाथ खरोखर आला. बाई गॅलरीतून बघत होत्या. एका स्कूटरवरून उतरला, आणि स्कूटर चालवत होती एक बाई, डोळे सोडून सगळं तोंड निळ्या स्कार्फमध्ये गुंडाळलेली. तिने बोट करून त्याला जिना दाखवला, आणि स्वतः वर न येता कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली. वर का येत नाही ही? बायको असेल तर येईल की उजळमाथ्याने!

"काय गं प्रेमला, ओळखलंस का?" दारातूनच तो म्हणाला. शाळेत मुलं मुलींशी बोलायची नाहीत, आणि हा थेट 'काय गं'वर आला. बाईंनी सोफ्याचा कडेचा कोपरा दाखवला. त्याने सगळं विचारलं. नोकरी कुठे, मिस्टर कसे गेले, मुलगी काय करते. निकिता चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाई घाईने म्हणाल्या, "दोन दिवसांसाठी आलीये बंगळूरहून." निकिताने आईकडे असं काही बघितलं की कप बशीतच हिंदकळला. रंगनाथने दोघींचा फोटो काढला, पुन्हा पुन्हा नावं विचारली आणि गेला. काही विकलं नाही.

आठवड्याने तो परत हजर. तीच स्कूटर, तोच निळा स्कार्फ. आणि परत तेच प्रश्न! नोकरी कुठे होती? मिस्टर काय करायचे? बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. टेलिफोन खात्यात चोरून फोन करणाऱ्याला असंच पकडायचे. तोच प्रश्न दोनदा विचारायचा आणि उत्तर बदलतं का बघायचं. हा आपलं खरं-खोटं करतोय तर!

"आणि निकिता काय म्हणते बंगळूरला?" त्याने विचारलं. "जावई बरे?"

निकिता त्याच्या समोर उभी होती. तिच्याच हातातून त्याने चहाचा कप घेतला होता! एवढा टोमणा बाईंनी जन्मात खाल्ला नव्हता. बोलली ती निकिताच.

"काका, मी इथेच असते. दिवाळीपासून. नवरा मारायचा, म्हणून सोडून आले. परत जाणार नाही."

रंगनाथचा चेहरा पडला. तो कप तसाच ठेवून उठला. बाई त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या आणि दात-ओठ खाऊन म्हणाल्या, "हे बघ रंगनाथ, तुला जे हवं होतं ते कळलं. पण माइकवर यातलं एक अक्षर काढलंस तर याद राख."

"नाही गं," तो म्हणाला. "नाही विचारणार. अजिबात नाही विचारणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "प्रेमला, ते निकिताचं... माइकवर काढायचं नाही, हो ना?"

"नाही काढायचं! सांगितलं ना!"

दुपारी परत फोन. "प्रेमला, एक विचारायचं होतं. निकिताबद्दल काही बोलायचं नाही, बरोबर ना?"

बाईंनी फोन आपटला. म्हणजे हे असं आहे तर! नाक दाबायचा प्रकार आहे हा. आज आठवण करून देतोय, उद्या तोंड बंद ठेवायचा भाव सांगेल. शैलाला फोन लावावा तर शैलाला मुळात काही माहीतच नव्हतं, आणि कळलं तर संध्याकाळपर्यंत लक्ष्मी रोडपर्यंत कळलं असतं. बाई रात्रभर कुशी बदलत राहिल्या. सकाळी उठून त्यांनी ग्रुपवर रंगनाथचा पत्ता शोधला आणि रिक्षा केली. कात्रजपर्यंत जे जे बोलायचं ते मनात घोकत गेल्या. पहिलंच वाक्य होतं, 'पोलिसात जाईन.'

इमारतीखाली ती स्कूटर उभी होती. दार उघडलं ते साठीला आलेल्या एका बारकुडी बाईने. तिच्यामागे खुंटीला निळा स्कार्फ टांगलेला.

"तुम्हीच का त्या?" प्रेमलाताईंनी दारातच तोफ डागली. "तुमच्या मिस्टरांनी हा काय धंदा मांडलाय? लोकांच्या घरात शिरायचं, काढून घ्यायचं, आणि मग फोन करकरून..."

"ताई, हळू," ती म्हणाली. तिने बाईंचा हातच धरला. "मी मंदाकिनी. तुम्ही प्रेमलाताई ना? फोटोत बघितलंय तुम्हाला. काल त्यांनी दोनदा फोन केला का? माझी पाठ वळली की करतात. माफ करा हो."

आणि तिथेच, चपलांच्या स्टँडपाशी उभं राहून, तिने सांगितलं. रंगनाथचं डोकं विसरायला लागलं होतं. दोन वर्षं झाली. आधी किल्ल्या, मग रस्ते, आता माणसं. म्हणूनच नोकरी सोडली. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. शाळेतलं मात्र अजून लख्ख आहे, म्हणून ग्रुप झाल्यावर त्यांनी हट्टच धरला, की सूत्रसंचालन मीच करणार, एकदा शेवटची हजेरी घेणार. आताचं काही लक्षात राहीना, तेव्हा घरोघर जाऊन, बघून, ऐकून पाठ करायला लागले.

"मी वर येत नाही, कारण बायकोने हात धरून आणलंय असं वर्गाला दिसायला नको म्हणतात," मंदाकिनी म्हणाली. "कुणाला सांगू नका, ताई. मेळावा होईपर्यंत तरी."

प्रेमलाताईंना घोकलेलं एकही वाक्य आठवेना. आतून आवाज येत होता. "शैला फडके. विक्रम जाचक. प्रेमला शिरसाट..." तोच शाळेतला सूर, ठसठशीत, एकही नाव न चुकता. त्या आत गेल्या.

रंगनाथ खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. त्याने बाईंकडे बघितलं आणि अदबीने उठून उभा राहिला.

"या, बसा ना. आपण कोण?"

परवा 'काय गं' म्हणणारा माणूस! त्या दिवशी ते 'काय गं' किती खुपलं होतं, आणि आज हे 'आपण' त्याहून जास्त लागलं. मंदाकिनी काही सांगायला पुढे झाली, पण प्रेमलाताईंनी तिला हाताने थांबवलं.

"मी... शेजारचीच," त्या म्हणाल्या. "काय पाठ करताय?"

"आमच्या शाळेचा मेळावा आहे. मी ओळख करून देणारे सगळ्यांची." तो खूश झाला. "आमच्या वर्गात एक प्रेमला शिरसाट होती. फार हुशार. डबा खायला एकटीच मागच्या पायरीवर बसायची. मला वाटायचं जाऊन बसावं तिच्याशेजारी. नाही बसलो. पोरं हसली असती."

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"तिचं काय सांगणार आहात?"

"सांगणार ना, शाळेचं सांगणार. पण तिच्याबाबतीत एक गोष्ट अजिबात विसरायची नाही. बाकी सगळं विसरलं तरी चालेल." त्याने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पुढे वाकला. "तिच्या मुलीचं विचारायचं नाही. पोरीला नवरा मारायचा. ती घरी आलीये. मी चुकून विचारलं एकदा, प्रेमलाचा चेहरा इतका उतरला हो! म्हणून सारखं म्हणतो. प्रेमलाच्या मुलीचं विचारायचं नाही, प्रेमलाच्या मुलीचं विचारायचं नाही."

प्रेमलाताई रडायलाच लागल्या. लोकांसमोर रडणाऱ्यातल्या त्या नव्हेत, पण आता कशाचा धरबंध राहिला नाही. ज्याच्यावर पोलीस घालायला निघालो होतो, तो बिचारा उरलेल्या डोक्यात आपली अब्रू सांभाळत बसलाय. आणि अब्रू तरी कसली! पोरगी मार खात राहिली नाही, याची?

"आलीये तर आलीये!" त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. इतक्या मोठ्याने हे वाक्य त्यांनी स्वतःच्या घरातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. "निकिता घरी आलीये, कायमची आलीये, आणि बरं झालं आली! खुशाल सांगा माइकवर!"

रंगनाथ घाबरलाच. त्याने झटकन ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, हळू बोला," तो म्हणाला. "प्रेमलाच्या कानावर जाईल ना."