आपोआप दिवे आणि अप्पांचा डिपर

किस्से काही ठरवून गोळा करावे लागत नाहीत. तीन माणसं रोज एकाच गाडीनं कामाला जायला लागली की ते सीटखाली साचत जातात, शेंगांच्या टरफलांसारखे. आम्ही तिघं खानदेशी, सुरतमधल्या डिंडोलीचे. सुभाष, प्रकाश आणि मी. कडोदऱ्याच्या बाजूला कापडाच्या एका प्रोसेस मिलमध्ये नोकरीला. गाडी सुभाषची, इलेक्ट्रिक. तिला इंजिनाचा आवाज नसल्यामुळे प्रकाशचा आवाज फार ऐकू येतो, हा तिचा एकच मोठा दोष!

*

गाडी घ्यायला तिघंही गेलो होतो. शोरूमच्या मॅडमनी टॉप मॉडेल दाखवलं. "सर, यात ॲडॅप्टिव्ह एलईडी हेडलाइट आहेत. फुल लाइट चालूच राहतो, पण समोरून गाडी आली की तेवढ्याच भागापुरता आपोआप बंद होतो. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि तुम्हाला बाकीचा रस्ता स्वच्छ दिसतो."

प्रकाशनं हात जोडले. "म्हणजे मॅडम, उजेडाचे जास्तीचे पैसे आम्ही द्यायचे आणि वर तुम्ही आम्हाला अंधार करून देणार!"

मॅडम बिचाऱ्या ब्रोशर चाळत बसल्या. मीही हसलो. सुभाष मात्र हसला नाही. त्यानं तेच मॉडेल घेतलं.

*

का घेतलं, ते सांगतो. सुभाषचे वडील, म्हणजे अप्पा, पक्के ट्रक ड्रायव्हर. अंकलेश्वरहून केमिकलचे ड्रम भरून सुरतला आणायचे. हायवेवर अप्पांचा डिपर प्रसिद्ध होता. समोरून कुणीही येवो, हा माणूस आधी आपला लाइट खाली करणार. एकदा तर म्हणे समोरून सायकलवाला येत होता, त्यालाही डिपर दिला! क्लीनर हसला, तर अप्पा म्हणाले, "त्याला डोळे नाहीत का?"

वाटेत कामरेजला त्यांची थोरली बहीण राहते. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणतो. घर सर्व्हिस रोडला लागून. दिवेलागणीला अप्पांचा ट्रक तिथं पोचायचा. लांबूनच दोन-तीनदा डिपर मारायचा, आणि आक्का चुलीवर चहा ठेवायची. उतरेपर्यंत कप तयार.

पुढं अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका संध्याकाळी समोरच्या बसनं फुल लाइट मारला आणि अप्पांना काही म्हणजे काही दिसेना. ट्रक शेतात उतरला. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून अप्पांनी स्टिअरिंग सोडलं. नंतर ऑपरेशन झालं, नजर साफ झाली, डॉक्टर म्हणाले खुशाल चालवा. अप्पा दिवसा चालवायचेही. पण सूर्य कलला की किल्ली सुभाषच्या हातात. समोरचा लाइट आला की अजून पाय आपोआप ब्रेकवर जातो, म्हणायचे.

आक्काकडे जायचे ते दुपारी. आणि आक्का फोनवर टोमणा मारायची, "दिवसा येस तो पाव्हना. मना भाऊ तं दिवा लावानी येळले येस!"

अप्पा फोन ठेवून उगीच चष्मा पुसत बसायचे. मला वाईट वाटायचं, खरं सांगतो.

*

प्रकाशला दिव्यांचा दुसरा राग असा, की ते बॅटरी खातात. व्याऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. येताना चार्ज थोडा कमी दिसला. झालं! प्रकाशनं गाडीचा ताबा घेतला. एसी बंद. गाणी बंद. माझा मोबाइल चार्जिंगला होता, तोही उपटला. ऐन मे महिना. घामानं आमची अंघोळ झाली. वर हेडलाइटही बंद करायला लावत होता. सुभाष म्हणाला, "अरे एलईडी आहेत ते, नावाला वीज लागते. आणि अंधारात घुसू का?"

घरी पोचलो, उतरलो, तर आतून घूं घूं आवाज. शोधलं. प्रकाश ज्या सीटवर बसला होता, तिच्या आत हवा मारणारा पंखा असतो. तो फुल स्पीडवर चालू!

"तरीच म्हटलं," प्रकाश म्हणाला, "तुम्हालाच एवढं कसं काय उकडतंय!"

*

दिवे दाखवायला सुभाषनं एकदा सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी केली. अर्धी सोसायटी जमली. हातानं फुल लाइट लावला. भिंतीवर लख्ख उजेड. दोन मिनिटं झाली, चार झाली, काही होईना. सुभाष म्हणाला, "समोरून काहीतरी यायला लागतं."

प्रकाश म्हणाला, "मग भिंतीला सांग ना, जरा समोरून ये म्हणून!"

*

शेवटी अप्पांना घेऊन रस्त्यावरच बघायचं ठरलं. संध्याकाळची वेळ, सुभाष चालवतोय, अप्पा शेजारी. आणि दिवे ढिम्म! नुसताच खालचा लाइट. वरचा आपोआप लागायलाच तयार नाही. समोरून एक डंपर सगळे दिवे पेटवून आला आणि अप्पांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

डंपर मागे गेला. मग अप्पा हळूच म्हणाले, "गाडी चांगली शे. पन मी दिवसाच जासू."

सुभाषचा चेहरा बघवेना. समोरून लाइट आला तरी कडेचा रस्ता दिसत राहावा आणि अप्पांनी पुन्हा अंधारात चालवावं, याच एका गोष्टीसाठी त्यानं ही गाडी घेतली होती. उतरताना प्रकाशनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला, यावरून काय ते समजा.

*

स्क्रीनवर इंग्रजीत निरोप येत होता, कॅमेरा साफ करा. आम्ही करत होतो की! मागचा, रिव्हर्सचा कॅमेरा रोज सकाळी प्रकाश स्वतःच्या रुमालानं पुसायचा. इतका चकचकीत केला होता की त्यात बघून भांग पाडावा. निरोप काही जाईना.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथले मेकॅनिक हसमुखभाई. त्यांनी पुढच्या काचेकडे एकदा बघितलं आणि डोक्याला हात लावला. "अरे भाई, आ तो केमेरा उपर ज माताजी बेठा छे!"

समोरचं बघणारा कॅमेरा पुढच्या काचेला, वर, आरशाच्या मागे असतो. आणि बरोबर त्याच्यासमोर, काचेवर बाहेरून, सुभाषच्या आईनं, जिजींनी, गाडीच्या पूजेच्या दिवशी स्टिकर लावलं होतं. "कानबाई माता प्रसन्न." लाल, सोनेरी, वीतभर. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी, श्रावणात घरोघरी बसते. ते स्टिकर काढायची कुणाची छाती? हसमुखभाईंनी पाना खाली ठेवला. सुभाष म्हणाला, घरी नेतो. प्रकाश म्हणाला, मी नास्तिक आहे, पण मी नाही हात लावणार!

घरी भीत भीत जिजींना सांगितलं. त्या गाडीजवळ आल्या, वर बघितलं.

"मी तं देवीले सगळास्ना वर बसाडं. तठे पहिलेच कोनी बशेल शे, हाई माले काय मालूम!"

मग नमस्कार केला, नखानं अलगद स्टिकर सोडवलं आणि खाली कोपऱ्यात लावलं. तिथं ते नीट बसेना, तर वरून हळदकुंकवाचं बोटही टेकवलं.

*

त्याच रविवारी संध्याकाळी आम्ही कामरेजला निघालो. आक्काला कुणी फोन केला नव्हता. अप्पा म्हणाले होते, "नको, जमलं नाही तर उगीच वाट बघेल." कडोदऱ्यापर्यंत सुभाषनं चालवली. सूर्य बुडाला. सुभाषनं गाडी बाजूला घेतली, उतरला आणि किल्ली अप्पांच्या हातात दिली.

अप्पा उतरून स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मग आरसा नीट केला, गाडी काढली.

समोरून पहिला ट्रक आला. मी मागे बसून श्वास धरून होतो. आणि दिव्यांनी उजेडातून तेवढा ट्रक जणू कापून काढला! त्याच्यावर अंधार, आणि दोन्ही बाजूंना रस्ता, कडेची झाडं, एक पायी चाललेला माणूस, सगळं लख्ख. ट्रक गेला, अंधार गेला. दुसरा आला, तसंच. अप्पांचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

"दिसतंय की रे!" ओरडला कोण, तर प्रकाश!

कामरेज आलं. अप्पांनी गाडी सर्व्हिस रोडला घेतली, वेग कमी केला. मग विचारलं, "सुभाष, हे सगळं यंत्रच करतं, का हातानं डिपर देता येतो?"

"येतो की. तुमच्या ट्रकसारखाच. ही दांडी ओढा."

अप्पांनी दांडी ओढली. पुन्हा ओढली.

"अप्पा," प्रकाश म्हणाला, "समोर कोणीच नाहीये!"

अप्पांनी आणखी एकदा ओढली. पुढं एका घराचं दार उघडलं. पदर सावरत आक्का ओट्यावर आली, गाडी थांबेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि अप्पा उतरताच खेकसली:

"इतला उशीर का रे भाऊ? चहा थंडा व्हई गया ना!"