नानांचा बॅकअप

"कोठीमा दाना भरा, का खळं झाडी टाकानं," असं म्हणून नाना माऊस बाजूला सारायचे आणि दोन्ही हात झटकायचे.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे. इथल्या कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्यातच राहिले, शेवटपर्यंत. माझं संगणक दुरुस्तीचं दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे रोजची गाठ. मुलीने घेऊन दिलेला संगणक ते बैलासारखा सांभाळत. पोळ्याला त्यालाही हळदकुंकू लागे. हसू नका, तुमच्याही ओळखीत असा एखादा नाना असणारच.

बॅकअप घ्यायला मीच त्यांना शिकवलं. अमावस्येला नवं काम काढायचं नाही, म्हणून नानांनी तोच दिवस त्यासाठी धरला. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची, सगळं तिच्यात उतरवायचं आणि मग खळं झाडावं तसं संगणकातलं पुसून टाकायचं! हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"नाना, याला बॅकअप म्हणत नाहीत. एकच वस्तू दोन जागी पाहिजे."

"एक दाना दोन कोठीमा कसा राही, भाऊ?"

मी समजावून समजावून थकलो. नाना आपले झाडतच राहिले.

त्या सगळ्या मालात पुन्हा न पिकणारी गोष्ट एकच होती. अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की गल्लीतल्या बायका अक्कांच्या मागे गायच्या. नानांनी ती गाणी मोबाइलवर टिपली, संगणकात घेतली, तिथून हार्ड डिस्कमध्ये. मागचं सगळं अर्थातच साफ. त्यानंतर अक्का वारल्या.

एका उन्हाळ्यात नाना दुकानात आले ते हार्ड डिस्क पंच्यात गुंडाळून. कपाटावरून पडली होती. लावून पाहिली, तर नुसती टकटक.

"बठ्ठं गयं का?"

"सगळं गेलं का ते बघतो, पण डिस्क तर गेली, नाना."

"तिना आवाज त्यामा शे," ते म्हणाले आणि बाकावर बसून राहिले.

मला फार वाईट वाटलं. त्यांचा संगणक उचलून आणला. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्या जागी दुसरं काही येईपर्यंत ते तिथेच पडून असतं. पण नानांनी रिकाम्या जागेत पुतण्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ भरला होता, हळदीपासून पाठवणीपर्यंत. गाणी त्याच्याखाली गाडली गेली होती.

खूप खटपट केल्यावर एकच तुकडा हाती लागला. त्याचं नावही उरलं नव्हतं. नाना शेजारी येऊन बसले आणि मी तो वाजवला. भांड्यांचा आवाज आला, मग अक्कांचा, चांगलाच वैतागलेला: "बंद करा ना तो मोबाइल! आठे भाकर जळी राहिनी, तुमनं काय चाली राहिनं?"

संपलं. मी ओशाळून म्हटलं, "नाना, गाणं काही सापडलं नाही."

"गाणं तं गल्लीमा कोन बी म्हनी," नाना म्हणाले. "हाई माले बोलनी शे ती. लाव परत."

मी परत लावलं. दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं. अक्का पुन्हा कडाडल्या आणि नाना पडद्याकडे बघत अगदी हळू अक्कांना म्हणाले, "करस वं. करस बंद."